सही तुला मीच शिकवली

आई,

'प्रिय' लिहायला बसले होते. आज ते हातून उतरलं नाही.

तुला जाऊन सहा महिने झाले. आज खर्डीच्या पोस्टात गेले होते, आपल्या दोघींच्या नावाच्या खात्यातले पैसे काढायला. माझ्या मनीषाचा नर्सिंगला नंबर लागलाय. सोमवारपर्यंत फी भरायची आहे. पासबुक काल तुझ्या लेकाने, अनंताने आणून दिलं. देताना माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, तुझी आठवण आली असेल.

पोस्टमास्तर म्हणाले, "बाई, खात्यात एकशे बारा रुपये आहेत."

माझा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी पैसे काढल्याचे जुने फॉर्म समोर ठेवले. रक्कम अनंताच्या अक्षरात. खाली तुझी सही.

मनीषा झाली त्या वर्षी आपण ते खातं उघडलं. ह्यांचा हात सैल, घरात पैसा टिकत नव्हता. म्हणून अंगणवाडीच्या मानधनातले थोडे दर महिन्याला तुझ्याकडे आणून द्यायचे. तू अंगठा लावायचीस. अंगठ्याला साक्षीदार लागतो, तो मीच. माझ्याशिवाय तुला एक रुपया काढता येत नव्हता.

माझ्या धाकट्याच्या बाळंतपणाला मी माहेरी होते, तेव्हा तूच म्हणालीस, "सुमे, मला नाव लिवायला शिकव गो. या काळ्या अंगठ्यानं भाकऱ्या थापायला लाज वाटते." महिनाभर पाटी घेऊन बसलीस. 'सीताबाई' लिहिताना 'सी' नेहमी उलटा पडायचा. अनंता चिडवायचा, "आये, तुझी सीता पार लंकेला चालली." तूही हसायचीस. सही जमली तेव्हा मी तुला घेऊन पोस्टात गेले, खात्यावर अंगठ्याच्या जागी सही लावून घेतली. "आता साक्षीदार नको," असं तिथल्या मास्तरांनी सांगितलं, तेव्हा मी सगळ्यांना गूळ वाटला. मी!

दुपारी अनंताकडे गेले. त्याची सहा आसनी रिक्षा दारातच उभी होती. तो म्हणाला, "आयनंच दिले. तुला काय, तुला पगार हाय. सुमीला नको सांगू म्हनाली."

खरंच म्हणालीस असं?

आपल्याकडे बियाण्याच्या भाताची कणगी वेगळी असायची. एका वर्षी श्रावणात घरातलं भात संपलं, तरी तू त्या कणगीला हात लावू दिला नाहीस. आम्ही नाचणीच्या आंबिलीवर दिवस काढले. "ते खायाचं नाय. ते पुढल्या सालाचं हाय." पैसा कसा राखायचा, ते मी तिथे शिकले. पगार हातात आला की आधी मनीषाचे बाजूला, मग किराणा. मनीषाचे पैसे माझं बियाणं होतं, आई. तुला ते सांगायची गरज होती का?

दर महिन्याला मी यायचे, तू पैसे घ्यायचीस. "ठेवते गो बाय," म्हणायचीस. पासबुक मागितलं की सांगायचीस, "पेटीत खाली हाय, कशाला उपसतेस?" त्या वेळी तुला माझ्याकडे बघवायचं कसं?

एक गोष्ट राहून राहून मनात येते. त्या फॉर्मवर किती रक्कम लिहिली आहे, हे तुला कळत होतं का? सही आली की शिकलीस, असं धरून मी पाटी उचलून ठेवली. आकडे शिकवलेच नाहीत. अनंताने थोडे सांगून जास्त लिहिले असतील, असं म्हणून मी मनाला समजावू बघते. पण लपवलंस ते तूच. त्याला आकडे लागत नाहीत.

अनंताला सांगून आले, भाऊबीजेला येईन, पण ओवाळणीत पातळ नको, मनीषाच्या फीचा हप्ता दे. वहिनी आत निघून गेली.

मनीषाला मी पाठवणार. उद्या तुझ्या पाटल्या मोडायच्या. त्या मला दिल्यास ते खरं होतं, असं धरून चालते. नवीन खातं तिच्या एकटीच्या नावावर काढेन. आणि अंगणवाडीत येणाऱ्या ज्या बायांना सही शिकायची आहे, त्यांना आधी आकडे शिकवेन. शंभर आणि हजार वेगळे ओळखता आले, की मगच नाव. हा शब्द तुला देते. तुझ्यावर रागावले आहे, तरी तुलाच देते.

तुझी साक्षीदार,
सुमन