रस्ते बंद झाले तेव्हा

माय, तू गेलीस त्याला पुष्कळ वर्षं झाली, तरी तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. तो आहे हेच मुळी मला त्या कोरोनाच्या उन्हाळ्यात कळलं.

आपल्या गावी, सोनाळ्याच्या घरात, बाबा जेवताना तुला घालूनपाडून बोलायचे. तू उलटून बोलत नव्हतीस. भांडी घासून झाली की पदर खोचून शेताच्या रस्त्याने निघायचीस आणि शांत होऊन परत यायचीस. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी येऊन मी रडले, तेव्हाही तू चुलीपुढून उठली नाहीस. "भांडू नको बाई. एक चक्कर मारून येत जाय, मन हलकं होते," एवढंच म्हणालीस. मी तेच केलं. बुलढाण्यात नवरा चारचौघांत मला बिनडोक म्हणाला की मी चपला घालायचे. घामाघूम होऊन आले की खरंच बरं वाटायचं. बरं वाटायचं, म्हणूनच वर्षानुवर्षं काही बदललं नाही.

मग लॉकडाऊन लागला. चौकात पोलीस, गल्लीच्या तोंडाला आडवे बांबू, आणि नवरा दिवसभर घरात. माझं फिरणं बंद, मी चार भिंतींत कोंडलेली. छातीत धडधड व्हायची, हातातली भांडी सुटायची, झोप उडाली. मला वाटलं, कोरोनाच झाला. एका दुपारी पोळी करपते. हे आमच्या लेकीच्या देखत ताट ढकलतात आणि म्हणतात, "तुह्या मायनं तुले काहीच शिकवलं नाही."

मी गॅस बंद करते. "तिनं मले गप्प बसणं शिकवलं," मी म्हणते. "ते आता मी सोडून राह्यली. यापुढं असं बोलसान, तर तुमचं तुम्ही करून खा."

ते न जेवता उठले. पुढे काही दिवस मी लेकीपुरतं आणि माझ्यापुरतंच रांधलं. मग एका सकाळी त्यांनी स्वतःच कणीक भिजवायला घेतली. माफी त्यांनी आजपर्यंत मागितलेली नाही, पण तसा शब्दही पुन्हा काढला नाही. माझी धडधड थांबली. रस्ते उघडल्यावर लेकीने मला तिची सायकल चालवायला शिकवलं. आता सकाळी चिखलीच्या रस्त्याने जाते. उतारावर वारा तोंडावर येतो आणि मी एकटीच हसते, कारण घरून कुठलाही अपमान गिळून निघालेली नसते.

फिरण्यावर माझा राग नाही, माय. औषध तू चांगलंच दिलंस. पण दुखणं काय आहे ते माहीत असूनही तू एकदाही त्याचं नाव घेतलं नाहीस. माझ्यासाठी नाही, तर निदान स्वतःसाठी तरी बाबांसमोर उभं राहायचं होतंस. तू चालत राहिलीस आणि मलाही चालायला लावलंस, याची चीड येते.

हे पत्र कुठे पाठवणार? फाडून टाकीन. आणि खरं सांगू, तू जिवंत असतीस तर यातलं अक्षरही मी तुझ्यासमोर बोलले नसते.