बाहेरच्या बाकावर

चि. भिंगरीस,

परवा तुला फिट आली, तेव्हा पर्समध्ये औषध शोधताना गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट हाती लागलं. जन्मभर संस्कृत भाष्यं वाचली, पण आतल्या माहितीपत्रकाइतका घाम कुणी फोडला नव्हता. तुझ्या फिटच्या औषधाचं नाव घेऊन लिहिलंय, त्यासोबत या गोळ्या भरवशाच्या नाहीत. आणि त्या औषधावर दिवस गेले तर... पुढचं वाचायला धीर झाला नाही.

डॉक्टर दरवेळी तुला विचारतात, "आणखी काही?" आणि शेजारी बसलेला हा तुझा महापंडित बापच म्हणतो, "छे, काही नाही!" तू चपलांकडे बघत बसतेस.

हे पत्र द्यायची माझी छाती नाही. माहितीपत्रकातली ती ओळ तेवढी पेपर तपासायच्या लाल पेनाने अधोरेखित करून पाकीट जागेवर ठेवलंय. सोमवारी डॉक्टरांकडे तू एकटीच आत जा. मी बाहेर बसेन.

तुझा भित्रा
बाबा