बाबांची चार वर्षं

पुंगोल, सिंगापूर
१ मार्च २०२६

चि. उज्ज्वल,
सप्रेम जयभीम. फोन लावला की बाबा स्पीकर लावायला सांगतात आणि शेजारी ठाण मांडून बसतात. म्हणून हा मेल, पत्रासारखा वाच.

इथे आल्यापासून बाबा मजेत असल्याचं दाखवतात. आजोबा फार स्लो आहेत लाह, असं श्रिया इथल्या पोरांसारखं 'लाह' लावून चिडवते, त्यावरही हसतात. पण एलआरटी स्टेशनपासून घरापर्यंत येताना बाकावर बसतात आणि गाड्या बघतोय म्हणतात. इतक्या काय गाड्या बघायच्या? काल छातीवर हात ठेवून बसले होते. क्लिनिकमध्ये चला म्हटलं तर भडकलेच. डिसेंबरपर्यंत डॉक्टरचं नाव काढायचं नाही, असं बजावलं. डिसेंबरात काय आहे रे? बाबांचा लाडका तू, तुला माहीत असणार. मला भीती वाटते.

उत्तराचा आळस करू नकोस.
तुझी ताई,
एकता

नागपूर
४ मार्च

ती. ताईस,
सादर जयभीम. मलाही माहीत नव्हतं, आईला खोदून विचारलं. आरोग्य विम्याची पॉलिसी घेताना बाबांनी हृदयाचा जुना त्रास स्वतःहून सांगितला होता. त्या आजाराचा खर्च मिळायला चार वर्षं थांबावं लागेल, असं एजंट म्हणाला. ती येत्या डिसेंबरात भरतात. मधे डॉक्टरने काही लिहून दिलं तर मोजणी पहिल्यापासून, हे मात्र बाबांनी आपल्या मनानेच ठरवलंय. वीज मंडळातली सगळी नोकरी नियमावर बोट ठेवून काढली, आता हे!

ताई, नियम केव्हाच बदललाय. आधीच्या आजारासाठी आता तीन वर्षांहून जास्त थांबवता येत नाही, जुन्या पॉलिसींनाही तेच लागू. कंपनीने मला लेखी होकार दिलाय. म्हणजे गेल्या डिसेंबरपासूनच उपचार मिळाले असते, आणि हा माणूस दुखणं गिळत बसलाय! त्यांना सांग आणि मिळेल त्या विमानात बसव. हा विमा भारतातच चालतो.

श्रियाला गोड पापा. तुझ्या रागासोबत मायाही असू दे.
तुझा,
उज्ज्वल

सिंगापूर
७ मार्च

चि. उज्ज्वल,
जयभीम. मघाशी फोनवर फक्त अ‍ॅडमिट केल्याचं सांगितलं, कारण बाबा ऐकत होते.

तुझा मेल त्यांना वाचून दाखवला. ते इतके मोकळे हसले की मलाच रडू आलं. मग सगळं बोलले: दिवाळीपासून दुखतंय, कळ डाव्या हातात उतरते. लगेच निघू म्हणाले, हौसेने बॅग भरली, आणि ती उचलताना दारातच खाली बसले.

डॉक्टर म्हणाल्या, विमानाचं नावही काढू नका. ऑपरेशन इथेच आणि लवकर. येतानाच्या प्रवास विम्यात जुना आजार बसत नाही, तो खर्च मी आणि अश्विन निभावून नेऊ. नवऱ्यानेच आधी सांगितलं, काळजी करू नकोस म्हणून. पण बाबा सही करत नाहीत. कंपनीने हो म्हटलंय तर नागपुरातच करू, असं ते डॉक्टरांना शांतपणे समजावतात. नियम त्यांच्या बाजूने आहे हे त्यांना मीच आनंदाने सांगितलं, उज्ज्वल, आणि आता ते तो सोडायला तयार नाहीत.

माझं त्यांनी कधी ऐकलंय? आईचं ऐकतील. तिला घेऊन निघ. आज नर्सने विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले की छातीत अजिबात दुखत नाही. बोलताना त्यांचे ओठ निळसर झाले होते.

वाट बघणारी,
ताई