खाणीवर निघाले तेव्हा

आई, आज शेजारणीने विचारलं, तुम्ही नोकरीत नेमकं काय करायचात हो, आणि मी सांगितलं, पाणी निवळायचं काम करायचे. तू असतीस तर हसली असतीस. तुला ती कधी नोकरी वाटलीच नाही. विदर्भातली एक कोळशाची खाण बंद पडली होती आणि तिचं पाणी कॅनमध्ये भरून अंधेरीला आमच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत यायचं, हे मी तुला घाटकोपरच्या डोंगरावरच्या त्या खोलीत, स्टोव्हपाशी बसून किती वेळा समजावलं. खाण चालू असते तोवर पंप पाणी उपसत राहतात. ती बंद झाली की पंपही थांबतात. मग पाणी आतल्या अंधाऱ्या बोगद्यांत साठत जातं, कोळशातलं गंधक आणि लोखंड घेऊन आंबट होतं, आणि कधीतरी वर येऊन नाल्यात उतरतं. तांबडं, गंजाचं पाणी. आम्ही त्यात चुना कालवायचो, ढवळायचो आणि वाट बघायचो. फुटलेल्या दुधासारखे गोळे व्हायचे नि हळूहळू तळाशी बसायचे. आमच्यातला एक जण रोज म्हणायचा, आपण खाणीला चुना लावतो, आणि रोज त्याचं त्यालाच हसू यायचं.

एकदा निवळलेल्या पाण्याची बाटली मी मुद्दाम घरी आणली. तू ती खिडकीच्या उजेडात धरलीस, झाकण काढून वास घेतलास. "ह्या पाणी पितत काय गो?" मी म्हटलं, पीत नाहीत, नाल्यात सोडतात. मग एवढा खटाटोप कशाला, असा चेहरा करून तू ती मोरीच्या कट्ट्यावर ठेवून दिलीस. कॉटवर बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. गिरणी बंद झाल्यापासून ते तसेच असायचे आणि तोंड उघडायचे ते तुझ्यावर ओरडायला. धाकटे दोघे शाळेत. घर माझ्या पगारावर, आणि मला झोपायला ओट्याखालची जागा, तुझ्या शेजारी, पाय दुमडून. मला त्या खोलीत श्वास पुरत नसे. तुलाही पुरत नसणार, पण ते तेव्हा मला सुचलं नाही.

मग साहेबांनी विचारलं. खाणीवरच पाणी शुद्ध करायचा प्लांट उभा राहणार होता. खाणीतून उपसलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवर चांगली माती पसरून झाडं लावायची होती. पाणी तपासायला कुणीतरी दोन वर्षं तिथे राहायला हवं होतं. क्वार्टर मिळणार होतं, म्हणजे दाराला आतून कडी असलेली माझी स्वतःची खोली. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. घरी आल्यावर तुला आधी सांगितलं की पगार इथेच पाठवेन, आणि मग बाकीचं. तू नाही म्हणाली नाहीस. तू कधीच कुणाला नाही म्हटलं नाहीस. ट्रंक पुसलीस, लाडू वळलेस, लोणच्याची बरणी फडक्यात बांधलीस. मला वाटलं, सुटले.

लहानपणापासून तू मला एका गोष्टीवरून टोकायचीस. चप्पल घालताना मी 'जाते' म्हटलं की आतून तुझा आवाज यायचा. "जातंय म्हणा नको गो. येतंय म्हण." मग मी 'येते' म्हणायचे, तू 'ये' म्हणायचीस, आणि तुझा 'ये' ऐकल्याशिवाय आपल्या घरातलं कुणी उंबरा ओलांडत नसे. कोथिंबीर आणायला जातानासुद्धा.

तर ती दुपार. खाली रस्त्यावर कंपनीची जीप उभी आहे, तपासणीचं सामान तिच्यात भरलं आहे, दादरहून गाडी पकडायची आहे. मी देवाला, बाबांना, तुला नमस्कार करते, ट्रंक उचलते आणि उंबऱ्याशी येऊन म्हणते, "आई, येते." तू तांदूळ निवडते आहेस. मी पुन्हा म्हणते. तू मान वर करत नाहीस. रडत नाहीस, रागावलेलीही दिसत नाहीस, नुसते खडे वेचते आहेस. खालून हॉर्न वाजतो. पाय पुढे टाकायला काय हरकत होती, कुणी हात धरला नव्हता. पण तो पाय उचलतच नाही. शेवटी ड्रायव्हर डोंगर चढून वर येतो, माझ्याकडे बघतो, ट्रंकेकडे बघतो, आणि ऑफिसची पिशवी तेवढी माझ्या हातातून घेऊन उतरतो. मी ट्रंक आत सरकवते. तू सूप खाली ठेवतेस आणि विचारतेस, चहा टाकू?

त्या चहावर मी अजून चिडलेली आहे. खाणीवर दुसरा कुणी गेला, मला पुन्हा कुणी विचारलं नाही. कॅन येत राहिले, मी चुना कालवत राहिले. धाकटे आपापल्या संसाराला लागले, बाबा गेले, आणि त्या खोलीत आपण दोघीच उरलो. तुला इस्पितळात न्यायचं होतं त्या दिवशी टॅक्सीत बसताना तू सवयीने शेजारणींना म्हणालीस, येतंय गो. त्या गप्प राहिल्या, म्हणून मीच 'ये' म्हटलं. बघ, एवढंच तर असतं. तू आली नाहीस, ती गोष्ट वेगळी.

या पत्रावर पत्ता काय लिहिणार, तेव्हा ते इथेच राहील. पण शेजारणीला मी आज आणखीही काही सांगितलं. म्हटलं, दोन वर्षं मी खाणीवर होते. क्वार्टरच्या पुढे करंजाची रांग होती, मी लावलेली, आणि आम्ही तिथे जाईपर्यंत तांबडा असलेला नाला पुढे तळ दिसेल इतका निवळला होता. ती म्हणाली, त्या काळात घरच्यांनी एवढ्या लांब एकटीला कसं सोडलं हो? मी म्हटलं, आई दारापर्यंत आली होती ना. 'ये' म्हणाली.