दोष लाकडांचा

९ नोव्हेंबर १९९७, रविवार
हर्षालीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथे घोटीलाच होणार. माझं ठरलं आहे. गेल्या महिन्यात हे गेले म्हणून माहेर काही बंद पडलेलं नाही.
तिच्या सासूबाई सगुणाबाई पुढच्या रविवारी ओझरहून घर बघायला येणार. त्यांचं म्हणणं, बाळंतिणीला धूर चालायचा नाही, आमच्याकडे गॅस आहे, पोर ओझरलाच राहू दे. मी उलट निरोप धाडला की आमची चूल निर्धूर आहे. धुराड्याची. सरकारी योजनेतली.
संकल्प: तोवर धुराडं आतून साफ करायचं.

१० नोव्हेंबर
धूर जरा जास्त. लाकडं ओली. वखारवाल्याला सुनावलं. तो म्हणाला, मावशी, वाजवून बघा, खणखणीत आहेत. वाजली. पण आतून ओली असणार.
शेजारची झुंबरबाई म्हणाली, रडलीस का गं? सांगितलं, धूर. धूर म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही.

१२ नोव्हेंबर, दुपार
चुलीबरोबर मिळालेली पुस्तिका पुन्हा वाचली. माझी शाळा दुसरीपर्यंत. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर. तरी गल्लीतल्या बायका निर्धूर चुलीचं मलाच विचारायच्या.
पुस्तिकेत लिहिलं आहे, दर पंधरवड्याला पाइपाचं खालचं झाकण उघडून काजळी काढावी. ते काम ह्यांचं. तोंडाला रुमाल बांधायचे आणि आतून शीळ घालायचे. झाकण कुठे आहे ते मला ठाऊक आहे. आज उघडलं नाही. काजळी एवढ्यात साचत नसते.

१४ नोव्हेंबर
धूर वाऱ्यामुळे. झुंबरबाई म्हणाली, आज वारं हाय कुठं? मी म्हटलं, तुझ्या नव्या भिंतीला अडून उलटा येतो. ती चिडली. तुझ्या धुरानं माझे पापड काळे झाले, त्याचं काय, म्हणाली.
तसं बोलायला नको होतं. उद्या तिची समजूत काढते. भिंत मात्र उंचच आहे.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ
चूल सारवली. भिंतींना चुना दिला. धुराड्याला बाहेरून गेरू लावला. नव्यासारखं दिसतं. काम झालंच म्हणायचं. झुंबरबाईकडे जायचं राहिलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
लिहावंसं वाटत नाही.
सगुणाबाई आल्या, हर्षाली सोबत. मी चहाला चूल पेटवली आणि घर धुराने भरलं. पोर पोट धरून खोकत अंगणात पळाली.
मी म्हटलं, लाकडं ओली. सगुणाबाईंनी एक ढलपी कट्‌कन मोडून दाखवली. म्हटलं, वारा उलटा आहे. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, पान हलत नव्हतं. शेजारची भिंत, एवढं म्हणते तोच झुंबरबाई दारात उभी.
सगुणाबाईंनी पदर खोचला, चूल विझवली, झाकण उघडलं, आत हात घातला आणि अर्धवट करपलेलं गोणपाट ओढून काढलं. म्हणाल्या, अहो विहीणबाई, ही चूल आहे की बाटली? बूच कशाला मारलंत? हर्षालीसुद्धा हसली.
मी म्हटलं, उंदरांनी नेलं असेल. गोणपाटाच्या कडेला माझाच लाल टाका होता.
झुंबरबाई हसली नाही. हळूच म्हणाली, सुतकात चूल बंद व्हती, तवा पाइपातून पावसाचं पाणी चुलीवर गळत व्हतं. हिनंच कोंबलं, मी भाकरी घेऊन आले तवा बघितलं. मला वाटलं, नंतर काढलं असंल.
सगुणाबाईंनी गोणपाट घडी करून कोपऱ्यात ठेवलं. त्या हसत होत्या तेच बरं होतं.
सगुणाबाईंनी चूल पुन्हा पेटवली. धूर सरळ वर गेला. चहा पिऊन म्हणाल्या, रविवारी पोरीला आणून सोडते. काजळी तेवढी काढा.
झुंबरबाईला पापडांचे उडीद देऊ केले. तिने घेतले नाहीत. बसली मात्र बराच वेळ.

२३ नोव्हेंबर, रविवार
हर्षाली आली. धुराडं मी स्वतः साफ केलं, तोंडाला ह्यांचाच रुमाल बांधून. शीळ येत नाही मला. घरात धुराचा मागमूस नाही. पुस्तिकेत दाखवावी अशी चूल.

२४ नोव्हेंबर, सकाळ
हर्षालीने विचारलं, आई, रडतेस? म्हटलं, नाही गं, धूर.
ती म्हणाली, आई, चूल अजून पेटवलीच नाहीये.
बाजारात नवा कांदा आला आहे. आजच गोणीभर आणते. दोन माणसांना लागतोच तेवढा.