पिकअपमधला पिवळा दिवा

प्रिय ठकू,

आईच्या जबड्याची तार मंगळवारी काढली. सात आठवडे नळीने पातळ पिऊन ती पार वाळली आहे, पण हाड नीट सांधलंय असं डॉक्टर म्हणाले. मनगट अजून कुरकुरतं. कारखान्यात एका शाळेच्या बाकांचं काम चाललंय. पिकअप दुरुस्त होऊन आली आहे. फुटलेली एअरबॅग नवी बसवली, दुसरी तपासून घेतली. फोनवर तू हल्ली दोन वाक्यांत आटोपतेस, म्हणून लिहायला बसलो.

तुझ्या तान्ह्या ढब्बूला लस टोचायला न्यायचं होतं तो दिवस आठवतो? तुझी गाडी गॅरेजमध्ये होती. आपली पिकअप दोन सीटांची, मागे नुसता हौदा. तू गाडीची पुस्तिका उघडून दाराशी वाचत उभी राहिलीस आणि मी वैतागलो. तुला आम्ही मांडीवर घेऊन गावभर हिंडवलं, काय झालं, असंही म्हणालो. तू आवाज चढवला नाहीस. म्हणालीस, "बाबा, हिची सीट उलट्या तोंडाची. समोरची एअरबॅग फुटली तर थेट सीटच्या पाठीवर आदळेल, हिच्या डोक्यामागे. मागे जागा असती तर मी हिला पुढे बसवलंच नसतं." मग डॅशबोर्डच्या कडेला किल्ली फिरवून त्या बाजूची एअरबॅग बंद केलीस. बॅग बंद असल्याचा पिवळा दिवा लागला. सीटवर गुडघा रोवून पट्टा आवळलास, दोन्ही हातांनी हलवून पाहिलंस. सीट तसूभर हलली नाही. सुताराची पोर शोभतेस, असं मनात आलं, बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघी बसने तुमच्या घरी गेलात. त्यानंतर दोन दिवसांनी मी एक टेबल पोचवायला निघालो, आई सोबत आली. पट्टा तिने लावला होता, पण छातीशी टोचतो म्हणून सैल ओढून. चौकाच्या अलीकडे तिच्या पायाशी ठेवलेला बिजागऱ्यांचा डबा घसरला, तो धरायला ती वाकली, आणि पुढच्या व्हॅनने करकचून ब्रेक मारला. पिकअप व्हॅनवर आदळली, माझ्यासमोरची बॅग फुटली. मला नाकावर ओरखडा. तिच्यासमोरचा डॅशबोर्ड तसाच्या तसा मिटलेला होता, तिचा जबडा त्यावरच आपटला.

दवाखान्याच्या जिन्यात तू मला विचारलंस, "बाबा, दिवा लागलेला होता का?" मी म्हणालो, लक्षात नाही. तू जिन्यावरच खाली बसलीस. किल्ली परत फिरवायची राहिली, तुम्हाला सांगायचंही राहिलं, माझ्यामुळे झालं, एवढंच बोललीस. मी तुझ्या पाठीवर नुसता हात ठेवला. त्यानंतर तू घरी आलेली नाहीस. ढब्बू उभी राहायला लागली हे आम्हाला फोटोवरून कळलं.

ठकू, माझ्या लक्षात होतं. निघतानाच दिवा दिसला होता. आईने बोट दाखवून विचारलंसुद्धा, "हे काय पेटलंय?" मी म्हटलं, पोरीने ढब्बूसाठी बॅग बंद केली होती, पोचल्यावर चालू करतो, जवळच तर जायचंय. किल्ली माझ्या हातात होती. तू सांगितलं असतंस तरी मी हेच केलं असतं. तुझ्या विसरण्याने काही बिघडलं नाही, माझ्या आळसाने बिघडलं. तुझा प्रश्न आला तेव्हा मला लाज वाटली, आणि तू दोष स्वतःवर घेतलास तेव्हा, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

सात आठवडे आई पाटीवर लिहून बोलत होती. औषध, पाणी, उशी. त्या दिव्याबद्दल एक अक्षर तिने कधी लिहिलं नाही, आणि मला वाटलं, तिला आठवत नसेल. मंगळवारी डॉक्टरांनी तोंड उघडून बघायला सांगितलं. तिने दोनदा जबडा हलवून पाहिला, माझ्याकडे बघितलं आणि अडखळत पहिलंच वाक्य बोलली, "पोरीला सांगितलंत का?"

तुझाच, उशिरा खरं बोलणारा,
बाबा