पाळकीणबाई आणि पाळकबाई

राजुरी,
बुधवार

प्रिय आरती,

प्रभूच्या नावात सलाम.

तू दोन गल्ल्या पलीकडे राहतेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे, याचं तुला नवल वाटेल. आज सकाळीच तू स्कूटीवरून जाताना हात केलास. मी थांबवलं असतं तर थांबलीही असतीस. पण रविवारपासून तू तीनदा माझ्याकडे येऊन गेलीस आणि तिन्ही वेळा मला जे बोलायचं होतं ते बाजूलाच राहिलं. मी नुसती तुझ्या ताटात भाकरी वाढत राहिले. म्हणून शेवटी कागद घेतला. चारचौघांत मी तुला पाळकबाई म्हणते, अहोजाहो करते. इथे मात्र तू माझ्या संडे स्कूलमधली आरती आहेस आणि मी तुझी बाई.

आधी आभार मानते. गेल्या रविवारी उपासना झाल्यावर तू मंडळीसमोर नव्या वडिलाच्या पदासाठी माझं नाव सुचवलंस, तेव्हा मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, दुसऱ्या कुणी रत्नमाला असतील. पाळकाच्या बरोबरीनं मंडळीचा कारभार पाहणारे, प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि प्याला हातात घेऊन उभे राहणारे आपले वडील आजवर सगळे पुरुषच झाले. तुझ्या सूचनेला अनुमोदन द्यायला भिकादादा उठले, काठी टेकत, आणि म्हणाले, "पाळकीणबाईंचं नाव आधीच यायला पायजे व्हतं. उशीर आपल्याकडून झालाय." एकही हात आडवा आला नाही. येत्या रविवारी तू माझ्या डोक्यावर हात ठेवून मला या सेवेला नेमणार आहेस. माझ्या घरमालकीण ठमाबाईंनी तर माझं पांढरं लुगडं आत्ताच इस्त्रीला देऊन टाकलं आहे.

तू पहिल्यांदा आमच्या मंडळीत आलीस तेव्हा आठ वर्षांची होतीस. तुझी आई महाळुंगे पडवळहून इथल्या दवाखान्यात आया म्हणून लागली होती आणि रविवारी तुला माझ्यापाशी सोडून ड्युटीवर जायची. पाठांतरात तू सगळ्यांच्या पुढे, पण प्रश्न विचारून मला दमवायचीस. एकदा तू विचारलंस, पाळकसाहेब वर उभे राहून सांगतात, मग बाई, तुम्ही खालीच का? मी म्हणाले, वर जागा कमी आहे. मुलं हसली. तू हसली नाहीस. तू व्यासपीठाकडे बघून जागेचा अंदाज घेत होतीस, ते मला अजून दिसतं.

पाळकीण म्हणजे पाळकाची बायको, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. त्याला पगार नाही आणि निवृत्तीही नाही. साहेबांशी लग्न झालं तेव्हापासून मी पाळकीणबाई. पिंपरी पेंढारला कुणी आजारी असेल तर साहेब प्रार्थना करून परत यायचे आणि मी मागे राहून त्या घरची भांडी घासायचे, पेज करायचे. बायका साहेबांना जे सांगू शकत नव्हत्या ते मला चुलीपाशी सांगायच्या. साहेबांना पक्षाघाताचा पहिला झटका आला तेव्हा त्यांची जीभ जड झाली. त्यानंतरचे उपदेश मी लिहायचे आणि ते वाचायचे. पुढे त्यांना वाचताही येईना, तेव्हा मी व्यासपीठाच्या खाली, पहिल्या बाकाजवळ उभी राहून "साहेबांच्या वतीनं" वाचायला लागले. सगळ्यांना ठाऊक होतं की शब्द माझे आहेत. त्याला उपदेश मात्र कुणी म्हटलं नाही, आणि मीही म्हणून घेतलं नाही.

त्याच सुमाराला तू पुण्याहून ईश्वरविद्येची पदवी घेऊन आलीस. साहेबांना मदतनीस पाळक हवाच होता. मंडळ्यांच्या मुख्य कचेरीनं कळवलं की बाई नेमायला मंडळीची हरकत नसेल तर आमचीही नाही. मग ती सभा झाली. आठ वर्षं झाली, तरी त्या दुपारचं बोलणं न् बोलणं मला पाठ आहे. भिकादादा उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगी गुणाची हाय, त्यात वाद न्हाई. पण बाईनं मंडळीत गप ऱ्हावं, असं शास्त्रात हाय. त्ये मी न्हाई लिवलं." त्यावर ठमाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मंग प्रभूच्या कबरीवर सकाळच्या पारी कोण गेलं व्हतं, भिका? बाप्ये शिष्य तर दाराला कडी लावून बसले व्हते." कुणी हसलं, कुणी रागावलं. सभा चालवणाऱ्या रामदास सरांनी वाद थांबवला आणि चिठ्ठ्या वाटल्या. चिठ्ठीवर फक्त हो किंवा नाही लिहायचं होतं, नाव घालायचं नव्हतं. स्टीलच्या डब्यातून एकेक चिठ्ठी काढून सर वाचत गेले. अठरा हो, एकोणीस नाही.

तू तेव्हा रडली नाहीस. सगळ्यांना सलाम केलास, खुर्च्या उचलून ठेवायला मदत केलीस आणि माझ्या स्वयंपाकघरात आलीस. तिथे ओट्याला टेकून रडलीस. मी तुझ्या पाठीवर हात फिरवत होते. तू म्हणालीस, "बाई, तुम्ही तरी माझ्या बाजूनं होतात." मी गॅसवरचं दूध उतू जातंय म्हणून वळले. दूध उतू जात नव्हतं.

दुसरी कुणी असती तर या गावाचं तोंड पाहिलं नसतं. तू मंचरला मुलींच्या वसतिगृहात नोकरी धरलीस, आणि दर गुरुवारी साहेबांना भेटायला यायला लागलीस. त्यांना शास्त्र वाचून दाखवायचीस, त्यांची नखं कापायचीस. त्यांचं तुटकं बोलणं मला कळायच्या आधी तुला कळायचं. कडेला ऊस उभा असला की संध्याकाळी बिबट्याच्या भीतीनं रस्त्याला माणूस नसायचं, म्हणून तू चारच्या गाडीनं परत जायचीस. जाताना दर वेळी माझ्या पाया पडायचीस. चार वर्षं तू आलीस. साहेब मंडळीत जेवढे हसले नाहीत तेवढे त्या गुरुवारांत हसले. त्याबद्दल मी तुला कधी धन्यवाद म्हटलं का, मला आठवत नाही. आज म्हणते.

आणि मग कोविडच्या दुसऱ्या लाटेतला तो एप्रिल. साहेब दवाखान्यात गेले ते घरी आलेच नाहीत. महिन्यातून एकदा येणारे पुण्याचे पाळक येऊ शकत नव्हते. आपले तिन्ही वडील आजारी, भिकादादा तर स्वतःच कोविड सेंटरमध्ये ऑक्सिजनवर. खड्डा खणायला माणूस मिळेना. शेवटी गावातल्या सलीमभाईंनी आपला जेसीबी आणला आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. "पादरीसाब ने मेरी माँ के लिए दुआ की थी," एवढंच ते म्हणाले. मी लांब लिंबाखाली उभी होते. गाडी आली, आणि त्या पांढऱ्या किटमधल्या माणसांच्या मागून आणखी एक किट उतरलं. ती तू होतीस. तुला कुणी नेमलेलं नव्हतं. अधिकार नव्हता, पाळकपदाची दीक्षा नव्हती. तू दफनाची सगळी प्रार्थना तोंडपाठ म्हटलीस, मास्कमधून, अगदी मोठ्यानं, मला लिंबाखाली ऐकू यावी म्हणून. माती टाकताना तू साहेबांचं पूर्ण नाव घेतलंस, अमृत काशिनाथ साळवे. त्या दिवसांत माणसं नंबरानं पुरली जात होती, आरती. माझा माणूस नावानं गेला तो तुझ्यामुळे.

भिकादादा महिन्यानं घरी आले. अंगात फक्त हाडं राहिली होती. साहेबांचं कसं झालं, असं त्यांनी मला विचारलं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "शास्त्राचा अर्थ मला अजून लागत न्हाई, पाळकीणबाई. पण त्या दिशी कोण गेलं, यवढं मला कळतंय." पुढे तुझ्या नावाचा अर्ज कचेरीत घेऊन तेच गेले, दोन वर्षं खेटे घातले, आणि दुसऱ्यांदा सभा झाली तेव्हा त्यांनी चिठ्ठ्या नकोत म्हणून सांगितलं. "ज्याला न्हाई म्हणायचंय त्यानं उभं ऱ्हाऊन म्हणावं." कुणी उठलं नाही. तुझी दीक्षा झाली. मंडळीला तुला हाक कशी मारायची ते कळेना, कारण पाळकीणबाई तर मीच होते. मग ठमाबाईंनीच पाळकबाई हा शब्द काढला आणि तोच राहिला.

मी पाळकघर सोडताना तू म्हणालीस, आतली खोली तुमचीच आहे, कुठे जाता. मी ठमाबाईंच्या पडवीतली खोली घेतली. तुला ते लागलं, मला दिसलं. मला अवघडल्यासारखं होईल, एवढंच मी सांगितलं.

तू पाळक झाल्यावरच्या पहिल्याच रविवारी मला शास्त्रपाठ वाचायला वर बोलावलंस. तीनच पायऱ्या, पण मी कठड्याला धरून चढले. आता दर महिन्याला मी वर उभी राहून वाचते. अक्षदा तिच्या बाळाचा बाप्तिस्मा झाल्यावर मला म्हणाली, "बाई, पाळकबाईंनी बाळाची मान बरोबर धरली, नाहीतर मला पाण्याचीच धास्ती वाटत होती." तुझ्याकडे बायका दार लोटून बोलायला येतात, आणि त्यांना चुलीपाशी जावं लागत नाही. परवा हंगामाच्या उपासनेत भिकादादांनी स्वतः पिकवलेले कांदे तुझ्या हातात दिले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. हे सगळं मी बाकावरून पाहते आणि माझं मन भरून येतं. मग त्याच मनात एक गोष्ट टोचत राहते.

ती गोष्ट आता लिहिते. आठ वर्षांपूर्वीच्या त्या एकोणीस चिठ्ठ्यांतली एक माझी होती. रामदास सरांना माझं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी "नाही" हा शब्द छापील वळणानं लिहिला. एक चिठ्ठी इकडची तिकडे झाली असती तर साहेबांच्या हयातीत तू पाळक झाली असतीस, आणि त्यांनी स्वतः तुझ्या डोक्यावर हात ठेवला असता. शास्त्र मला आड आलं नव्हतं. भिकादादांना निदान शास्त्राची भीती होती. मला एवढंच वाटलं की जे मी जन्मभर खाली उभं राहून केलं, ते ही पोर वर चढून करणार, आणि तिला त्याचं नाव मिळणार. तू ओट्याशी रडलीस तेव्हा सांगायला हवं होतं. दर गुरुवारी तू पाया पडायचीस तेव्हा सांगायला हवं होतं. साहेबांना मी सांगितलं होतं. ते फक्त "तिला सांग" एवढं बोलले, आणि ते दोन शब्द त्यांनी नीट उच्चारले. भिकादादांना मी काल सांगून आले, कारण एवढी वर्षं तू हरलीस त्याचा सगळा दोष मंडळीनं त्यांच्यावर टाकला. ते म्हणाले, आता जिचं तिला सांगा. आरती, तुला हे ठाऊक नसताना तुझा हात माझ्या डोक्यावर मला घेववणार नाही. रविवारी माझं नाव पुकारायचं की गाळायचं, ते तू ठरव. गाळलंस तर कारण सांगायला तू बांधलेली नाहीस, सांगावंसं वाटलं तर सांग. पुकारलंस तर मी उठेन. नाही पुकारलंस तर तो तुझा अधिकार आहे, आणि तो तुला आहे याचा मला आनंदच आहे.

तुझीच,
रत्नमालाबाई